तुम्ही विचारलंत म्हणून: मी जेडाय का झाले नाही

स्टार वॉर्सचा नवा गेम आला की आमच्या गप्पांत एक क्षण ठरलेला असतो. जेडाय योद्ध्यांची प्रकाशाची तलवार, म्हणजे लाइटसेबर, कसा चालतो, गोष्ट कुठल्या सिनेमाच्या आधीची, हे सगळं बोलून होतं आणि मी 'गॅलक्सीज' या सगळ्यांनी एकत्र खेळायच्या जुन्या ऑनलाइन गेमचं नाव काढते. मग कुणीतरी विचारतंच, "ताई, तो गेम बंद होऊन जमाना झाला. आणि त्यातही तुम्ही म्हणे प्राणी बनवून विकत होतात. एवढं मोठं विश्व समोर असताना जेडाय व्हायचं सोडून दुकान का टाकलंत?" प्रेमाने विचारता, हे कळतं मला. पण दरवेळी तोच प्रश्न, तेच हसू, आणि मी काहीतरी बोलून विषय बदलते. आज बदलत नाही.

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' जून 2003 मध्ये सुरू झाला तेव्हा मी न्यू जर्सीत, एडिसनला होते. नवऱ्याचा नोकरीचा एच-वन व्हिसा, माझा त्याच्या बायकोचा म्हणून एच-फोर. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून पुण्यात लॅबमध्ये काम केलेली बाई मी. एच-फोरवर पगाराचं काम तासभरसुद्धा करायला तेव्हा परवानगी नव्हती. काही जणींना ती मिळाली 2015 मध्ये. तुमच्यातल्या ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की गेमचे महिन्याला 14.99 डॉलर नवऱ्याच्या कार्डावरून जायचे. त्याने कधी 'नाही' म्हटलं नाही, पण मला मात्र विचारावं लागायचं.

त्या गेममध्ये मी बायो-इंजिनिअर झाले. रानातल्या जनावराच्या जवळ जाऊन डीएनएचा नमुना घ्यायचा, वेगवेगळे नमुने जुळवून नवा प्राणी तयार करायचा आणि तो क्रिएचर हँडलर, म्हणजे प्राणी पाळणाऱ्या खेळाडूंना विकायचा. माझ्याकडून टिश्यू घेऊन शिंपी खास कपडे शिवायचे, ते कपडे नर्तकी घालायच्या, आणि लढून थकलेली माणसं कँटिनात, म्हणजे तिथल्या गुत्त्यात, त्या नर्तकींसमोर येऊन बसायची, कारण लढाईचा शीण तिथेच उतरायचा. डॉक्टरसमोर रांग लागायची. नाबू ग्रहावर खेळाडूंनीच वसवलेल्या एका गावात माझं दुकान होतं. गावाला निवडून दिलेला महापौर होता. गेमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर राफ कोस्टर यांच्या रचनेत कुणाचंच दुसऱ्यावाचून चालत नव्हतं, आणि मी आजवर खेळलेल्या कुठल्याच गेममध्ये हे पुन्हा पाहिलेलं नाही. जेडाय होता यायचं, पण वाट लपवलेली होती. पहिला जेडाय दिसायला नोव्हेंबर 2003 उजाडला.

मला ती वाट शोधावीशी वाटली नाही. दुकान उघडलं की लोक येत होते. मी केलेली वस्तू त्यांना हवी होती आणि तिचे पैसे ते मला देत होते. पैसे गेममधले, हो. माहीत आहे.

आता 2005 चा नोव्हेंबर. महिन्याच्या सुरुवातीला गेमचा नवा भाग विकला गेला आणि लगेच जाहीर झालं की पंधरा तारखेपासून सगळंच बदलणार. तीसहून अधिक व्यवसाय होते, त्यांचे नऊ होणार. त्या नवांत इनामासाठी शिकार करणारा बाउंटी हंटर होता, स्मगलर होता, आणि जेडाय तर पहिल्या दिवसापासून कुणालाही होता येणार होतं. क्रिएचर हँडलर नव्हता. बायो-इंजिनिअर नव्हता.

माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं. ओहायोत कुठेतरी गोदामात रात्रपाळी करायचा, पाळीवर जाण्याआधी दुकानात डोकावायचा. त्याचं खरं नाव मी विचारलं नाही, त्याने माझं विचारलं नाही. त्याला रँकॉर या अक्राळविक्राळ जनावराच्या अंशाचा एक विशिष्ट प्राणी हवा होता. त्यासाठी मी डॅथोमिर ग्रहावर जाऊन नमुने गोळा करत होते. रँकॉर चवताळला की पळायचं, मेलं तर परत पहिल्यापासून. निम्मं काम झालं होतं आणि ही घोषणा आली. मी त्याला कळवलं की पंधरवड्यात हा प्राणी निरुपयोगी होईल, ऑर्डर रद्द करूया, आगाऊ घेतलेलं परत करते. त्याचं उत्तर आलं की काम चालू ठेव, मला तो हवाच आहे.

मग मी जशी कधी झटले नव्हते तशी झटले. पुण्यातल्या लॅबमध्ये कल्चर बिघडलं की सगळं टाकून पुन्हा सुरू करायचे, तसंच चांगला नमुना मिळेपर्यंत आधीचे टाकत गेले. शेवटच्या संध्याकाळी प्राणी तयार झाला. ओहायोवाला आला, त्याने प्राणी बाहेर काढला आणि गावाच्या रस्त्याने चालवत नेला. बातमी पसरली असावी. इतर हँडलरही आपापली जनावरं घेऊन आले. त्यातली बरीच माझ्या हातची होती, कुठलं कुणासाठी केलं ते मला नावानिशी आठवत होतं. कँटिनातल्या नर्तकी बाहेर आल्या. कुणी कुणाशी लढलं नाही. त्याने ठरलेली पूर्ण किंमत दिली. मी नको म्हटलं, एका रात्रीच्या प्राण्याचे कसले पैसे. त्याने लिहिलं की काम झालंय, त्याचे पैसे झालेच पाहिजेत. आणि पाळीची वेळ झाली म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी गेम उघडला तर समोर नवांपैकी एक निवडायला सांगणारी पाटी. माझा व्यवसाय त्या यादीत नव्हता. प्राणी हाकेला येईनात. तो माणूस पुन्हा दिसला नाही. नवरा ऑफिसातून आला तेव्हा मी रडत होते. तो म्हणाला, "अगं, दुसरा गेम घेऊ आपण." त्यात वाईट काहीच नव्हतं. तरी मी बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये या बदलाबद्दल लेख आला. त्यात गेमवाल्यांच्या बाजूने दिलेलं कारण असं होतं, की लोकांना सिनेमात पाहिलेल्या गोष्टीचा भाग होता आलं पाहिजे, त्यांनी स्वतः निर्माण केलेल्या गोष्टीचा नव्हे. मी अजून तिथेच अडकले आहे. सिनेमा मला आवडतोच. पण तिथे मला पाहुणी म्हणून जायचं नव्हतं, राहायचं होतं.

त्या आठवड्यात मी गेमवाल्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. 'हे माझं काम होतं आणि ते तुम्ही काढून घेतलंत,' असं त्यात आहे. आज ते वाचताना मी त्या बाईला विचारते, काम नक्की कुणी काढून घेतलं होतं? ते तर विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला त्या दिवशीच गेलं होतं. ती म्हणते, म्हणूनच तर दुसऱ्यांदा जाणं जास्त लागलं. मी म्हणते, मग राग चुकीच्या पत्त्यावर पाठवलास. ती म्हणते, व्हिसाच्या ऑफिसला पत्र लिहून कुणी वाचलं असतं का? इथे आमचं भांडण थांबतं. मिटत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2005 नंतर आलेल्यांनी त्या बदललेल्या गेमवर मनापासून प्रेम केलं. प्राणी पाळायची सोय वेगळ्या रूपात 2007 मध्ये परत आली. 15 डिसेंबर 2011 ला सर्व्हर बंद झाले तेव्हा तेही रडले, आणि ते रडणं माझ्यापेक्षा कमी खरं होतं असं मी म्हणणार नाही. चाहत्यांनी पुढे दोन्ही काळ आपल्या हिमतीवर उभे केले. 'एसडब्ल्यूजी एम्यू' बदलाआधीचा गेम जपतं, 'लेजेंड्स' नंतरचा. मी दोन्हीकडे जाऊन आले. दुकान टाकलं नाही.

तुम्ही म्हणता स्टार वॉर्सचाच 'सर्व्हायव्हर' गेम खेळा, त्यात कँटिना आहे. खेळले. कोबो ग्रहावरचं पायलूनचं सलून आणि गच्चीवरची बाग मला फार आवडली. 'आउटलॉज' सुचवलात, त्यातली नायिका के व्हेस जेडाय नाही. तोही खेळले, चांगला आहे. पण के काय करणार हे आधीच लिहून ठेवलेलं आहे. मी एक दिवस गेले नाही तर त्या गावात कुणाचं काही अडत नाही.

परवा एकाने याच्या पुढचं विचारलं, आणि तो प्रश्न रास्त आहे. तेव्हा नोकरी करता आली असती तर गेम सोडलाच असता ना? मला ग्रीन कार्ड मिळालं, लॅबमध्ये रुजू झाले, ते 2009 मध्ये. तोवर दुकान गेलेलं होतं. दोन्ही एकाच वेळी कधी हातात नव्हतीच, त्यामुळे कुठलं सोडलं असतं ते मी सांगू शकत नाही. कदाचित सोडलाही असता. पण 'म्हणजे तो टाइमपासच होता' असं जे तुम्ही त्यातून लगेच काढता, ते मला मान्य नाही. ओहायोतल्या त्या माणसालाही मान्य झालं नसतं.