फोल्डर नंतर लावा, आधी ओटीपी कुठे जातो ते बघा

कोपरखैरण्यात माझा लेबलं आणि पॅकिंगच्या खोक्यांचा धंदा आहे. एकटीचा. डिझाइन पाठवणं, महापेहून माल उचलणं, बिल करणं, उधारी वसूल करणं, सगळं मीच बघते. कागद असे नाहीतच. जे आहे ते फोनमध्ये, मेलमध्ये नाहीतर व्हॉट्सॲपवर. ते यंदा एकदाचं लावायचं ठरवलं.

फायली पटकन लागल्या. आर्थिक वर्षाचा एक फोल्डर, त्यात खरेदी, विक्री, बँक. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, की यादी आपोआप ओळीने लागते. घोडं अडलं ते जीएसटीच्या पोर्टलवर.

नोंदणी करताना आमच्या करसल्लागारांनी अर्जात स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकून दिला होता. “ताई, तुम्हाला कशाला ओटीपीची कटकट?” पुढे त्यांनी ऑफिस बंद केलं आणि फोन लागेनासा झाला. पासवर्ड बदलायला गेलं की ओटीपी त्यांच्याकडे. माझ्याकडे डिजिटल सही नाही, त्यामुळे रिटर्न भरायचं तरी ओटीपीच, आणि तोही त्यांच्याकडे. नंबर बदलायला लॉगिन हवं, लॉगिनला जुना नंबर हवा. धंदा माझा, पॅन माझं, आणि दार उघडणार तिसराच माणूस!

यावर एकच रस्ता आहे. आपल्या हद्दीच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीचे पुरावे घेऊन जायचं, तो त्याच्या बाजूने मोबाइल आणि ईमेल बदलून देतो. लिहायला एक ओळ लागली, पण प्रत्यक्षात माझा निम्मा पावसाळा त्यात गेला. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन. अर्ज, पॅन, आधार, नोंदणीचं प्रमाणपत्र नेलं, तर म्हणे लेटरहेडवर अर्ज आणा. लेटरहेड नेलं, तर “शिक्का कुठाय, मॅडम?” घरातल्या टेबलावरून धंदा करणाऱ्या बाईकडे प्रोप्रायटरचा शिक्का कशाला असेल? वाशीत करून घेतला आणि तिथल्या तिथे उठवला. जांभळी शाई ओलीच होती, ती पुढच्या कागदावरच्या माझ्या सहीला लागली. त्यावर “हे पुन्हा आणा.” सगळ्यात संताप या प्रश्नाचा यायचा: “तुमचे सीए का नाही आले?” अहो, ते सापडत नाहीत म्हणूनच मी इथे उभी आहे!

त्यातल्या त्यात शहाणपण म्हणजे निघण्याआधी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये आपला जीएसटी नंबर टाकून बघितलं होतं. केंद्र आणि राज्य, दोन्ही कार्यालयं दिसतात. ज्याच्यापुढे ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस’ लिहिलंय तिथेच जायचं. दुसरीकडे गेलात तर ते परत पाठवणार.

शेवटी काम झालं. माझ्या मेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड आला. तो नेहमीच्या लॉगिनच्या चौकटीत टाकू नका. खाली ‘पहिल्यांदा लॉगिन’ची लिंक आहे, तिथून जायचं. स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी वाजला तेव्हा मी शेजारणीला बोलावून दाखवला. तिला काही कळलं नाही, चहा मात्र झाला.

आता माझ्याकडे एक साधी शीट आहे: पोर्टल, युजरनेम, कुठला मोबाइल, कुठला ईमेल. पासवर्ड त्यात नाहीत, ते वेगळे. त्यातला कुठला नंबर प्रीपेड असेल तर रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला देतात.

कॅलेंडरमध्येही तारखा घातल्यात. मी तिमाही रिटर्नवाली, म्हणून जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेला, ३बी, म्हणजे कराच्या गोषवाऱ्याचं रिटर्न, महाराष्ट्रात २२ ला, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. आठवण चार दिवस आधीची लावा, शेवटच्या दिवशी पोर्टल रांगतं.

आणि हो, व्हॉट्सॲपवर आलेलं बिल त्याच दिवशी ड्राइव्हवर टाका. फोन बदलला की जुनी पीडीएफ उघडेलच असं नाही, आणि कायद्याने हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. नवा सल्लागार मिळालाय. रिटर्न भरायच्या दिवशी तो ओटीपीसाठी मला फोन करतो, आणि मी लगेच उचलते.