सोयाबीनवरचा तांबेरा : पुळीचा आडवा छेद

इंदूरच्या आसपास खरिपात सोयाबीनला तोटा नाही, परंतु तांबेऱ्याची खात्रीची पाने हवी होती म्हणून ती सांगलीकडच्या आप्तांकडून मागवली. पाने स्पिरिटमध्ये बुडवूनच पाठवावीत असे त्यांना कळवले होते, कारण या बुरशीचे जिवंत बीजाणू माळव्यातल्या शेतांजवळ आणणे छंदापायीही योग्य ठरले नसते.

पानाच्या वरच्या बाजूला केवळ तपकिरी ठिपके दिसतात. पाहण्यासारखे सारे खालच्या बाजूला आहे. दहापट भिंगाखाली एकेका ठिपक्यात अनेक पुळ्या दिसतात आणि प्रत्येक पुळी टोकाला भोक असलेल्या वारुळासारखी असते. हे भोक नीट पाहून ठेवावे. सांवेर रस्त्यालगतच्या शेतातून आणलेल्या पानांवरही उंचवटे होते, मात्र त्यांना भोक नव्हते, मधोमध चीर गेलेली होती आणि भोवती पिवळे वलय होते; तो जिवाणूजन्य पुळीचा रोग निघाला. नुसत्या डोळ्यांनी हे दोन्ही रोग सहज एकमेकांत मिसळतात.

छेद घेण्यासाठी पानाचा तुकडा गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने पातळ काप काढले आणि कॉटन ब्लूने रंगवले. पुळीच्या कडेने आत वळलेल्या तंतूंचे कुंपण आणि तळाशी दाटीने उभे असलेले, टोकाला एकेक बीजाणू धरणारे देठ एका कापात स्पष्ट मिळाले. सुटे बीजाणू तर बाटलीच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या एका थेंबातच भरपूर सापडले. ते फिकट, अंडाकृती आणि बारीक काट्यांचे असून मापपट्टीवर त्यांची लांबी साधारण २० ते ३० मायक्रॉन भरली.

या बुरशीचे, म्हणजे फाकोप्सोरा पॅकिरायझीचे, वेगळेपण शिरकावात आहे. गव्हाच्या तांबेऱ्याचे असे बीजाणू पर्णरंध्रातून आत जातात. ही बुरशी मात्र पान काही तास ओले राहिले की बाह्यत्वचेची पेशी थेट भेदते. ती पेशी मरते, तंतू पुढच्या पेशींमध्ये पसरतात आणि चोषकांगे घालून अन्न घेतात. अनुकूल हवेत लागणीनंतर ५ ते ८ दिवसांत पुळ्या दिसतात, नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास बीजाणू बाहेर पडू लागतात आणि ते पुढे सुमारे तीन आठवडे निघत राहतात. एवढ्या अवधीत रिपरिप थांबली नाही, तर एका हंगामात कितीतरी पिढ्या होतात, यात नवल नाही.

हंगामाच्या अखेरीस जुन्या पुळ्यांच्या आसपास दिसणारी टेलियमची, म्हणजे याच बुरशीच्या दुसऱ्या प्रकारच्या बीजाणूंच्या थराची, काळपट तपकिरी पापुद्री या पानांवर नव्हती. ती क्वचितच मिळते. आश्विनात उशिरा तोडलेली पाने, अर्थात स्पिरिटमध्येच, पाठवण्यास आप्तांना सांगून ठेवले आहे.