कानातली पुट्टी

ईएनटीच्या ओपीडीतून आमच्याकडे येतात ते बहुतेक कानात शिट्टी वाजते म्हणणारे. हा तसा नव्हता. केसपेपरवर लिहिलं होतं, ‘दोन्ही कानांत फॉरेन बॉडी, काढली, सायकियाट्री ओपिनियन’, आणि बायकोने ती फॉरेन बॉडी रुमालाच्या टोकाला बांधून सोबत आणली होती. भिंतीला लावायची पुट्टी. वाळून खडा झालेली, कानाच्या साच्यातून काढल्यासारखी. ईएनटीच्या पोरीने तासभर खपून, थेंब घालून, भिजवून, कणाकणाने काढली होती ती. पडद्याला धक्का लागला नव्हता. त्या पोरीचं कौतुक कुणी केलं असेल असं वाटत नाही, म्हणून इथे करते.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका महापालिका रुग्णालयात मनोविकार विभागात मेडिकल सोशल वर्कर आहे. लोकांना वाटतं ही बाई समुपदेशन करते. करते, वेळ उरला तर. एरवी फोन करते. बेड आहे का, नातेवाईक पोचतोय का, औषध संपलंय तर गरीब पेशंटांसाठीच्या पुअर बॉक्स फंडातून किती मिळतील. पेशंटची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदललेत.

माणूस नाक्यावरचा रंगारी, रोज सकाळी तिथे उभं राहून काम मिळवणारा. वय पस्तिशीच्या आसपास, पापण्यांवर पांढरे ठिपके, चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी धरलेला आणि तरीही सांडत होता. बाहेरून बिल्डिंग रंगवायची तर दोरीच्या झुल्यावर बसावं लागतं. सातव्या-आठव्या मजल्यावर असताना ठेकेदाराचा आवाज यायचा, ‘सोड दोरी’. ठेकेदार त्या वेळी दुसऱ्याच साइटवर असायचा. ते ऐकू येऊ नये म्हणून त्याने हाताशी होतं ते कानात भरलं. डोक्याला ताण देऊन पाहा, त्या जागी बसून मला तरी दुसरं काही सुचलं नसतं.

आमचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर हुशार आहे. पण बाहेर रांग जिन्यापर्यंत, आणि पेशंटच्या तोंडाला आदल्या रात्रीच्या देशीचा वास. त्याने लिहून टाकलं, दारूमुळे झालेला सायकोसिस, म्हणजे दारूनेच आणलेले भास. दारूचा वास आला की पुढचा इतिहास कुणी विचारत नाही. हे काही त्या पोराचंच नाही, मोठमोठे प्राध्यापकही यातून सुटलेले नाहीत.

इतिहास घेणं माझ्याकडे असतं, आणि माझा एक प्रश्न ठरलेला आहे. तो कुठल्या फॉर्मवर नाही. श्रावण पाळता का?

गटारीला वाट्टेल तेवढी ढोसून दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंबाला न शिवणारे पुरुष या शहरात हजारोंनी आहेत. मुसलमान पेशंट असेल तर मी रमजानचं विचारते. दारूने आणलेले आवाज दारू सुटल्यावर साधारण महिनाभरात ओसरायला हवेत. एरवी गरीब माणसाला महिनाभर दारूशिवाय ठेवून बघायची सोय कुठल्या वॉर्डात आहे? पंचांगाने ती फुकट करून दिलेली आहे, आपण फक्त विचारायचं.

बायको म्हणाली, ‘‘पाळतात ना. श्रावण पक्का असतो ह्यांचा.’’

‘‘मग श्रावणात आवाज कमी होतात?’’

‘‘वाढतात, मॅडम. गेल्या वर्षी कसाबसा महिना काढला. ह्या वर्षी गोपाळकाल्यालाच सोडला, सहनच होईना. घेतली की जरा झोप तरी लागते म्हणतात.’’

म्हणजे आवाज आधीचे. दारू त्यांच्यावरचा त्याचा स्वतःचा इलाज. पुढे ती सहज बोलून गेली की गेल्या श्रावणात दुसऱ्याच दिवशी तो मोरीत पडला होता, तोंडाला फेस, घरच्यांनी उपासाची घेरी म्हणून लिंबू-सरबत पाजलं. उपासाच्या घेरीला फेस येत नाही. रोजची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ज्याला एकदा आली त्याला पुन्हा यायची शक्यता जास्त. आज सोमवार होता. शेवटचा घोट रविवारी रात्री नऊच्या सुमाराला.

हे सगळं मी रेसिडेंटला सांगितलं तेव्हा त्याने निदान खोडून नवं लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, ॲडमिट करायला पाहिजे.’’ बरोबर होतं ते. पण कुठे?

आमच्याच वॉर्डात त्या दिवशी बेड रिकामा होता. हे लिहिताना अजूनही चीड येते. आमच्याकडे मनोविकार वॉर्डात पेशंटसोबत चोवीस तास नातेवाईक लागतो, आणि पुरुष वॉर्ड म्हटल्यावर रात्री पुरुष नातेवाईक. नियम पेशंटच्या सुरक्षेसाठी म्हणून आहे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, रात्रपाळीला माणसंच पुरेशी नाहीत. बायको चार घरची धुणीभांडी करते. नालासोपाऱ्याचा मोठा भाऊ वॉचमन, बारा तासांची ड्युटी, खाडा केला की दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसलेला. तो आला होता, दाराशी उभा होता, आणि दर दहा मिनिटांनी फोन घेऊन बाहेर जात होता.

मी फोन लावायला बसले. एका व्यसनमुक्ती केंद्राने आवाज ऐकू येतात म्हटल्यावर ‘‘सायकोसिस आम्ही घेत नाही, आमच्याकडे ग्रुपमध्ये बसावं लागतं’’ म्हणून हात झटकले. दुसरीकडे ‘‘आधी डिटॉक्स करून पाठवा’’, म्हणजे शरीरातली दारू आधी उतरवून. एका मोठ्या सरकारी ठिकाणी फोन उचलणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘प्यायलेला आहे का?’’, आणि हो म्हटल्यावर ‘‘मग आधी दारू सोडवा, मग आजाराचं बघू’’. सगळे आपापल्या जागी बरोबर बोलत होते. सगळ्यांचं बोलणं एकत्र केलं तर अर्थ निघत होता की हा माणूस अर्धा झाला तर त्याला जागा आहे.

याचं मूळ कारकुनी आहे. मनोविकार रुग्णालयं आरोग्य खात्याची, व्यसनमुक्ती केंद्रांची अनुदानं सामाजिक न्याय खात्याची. दिल्लीतही तसंच, राज्यातही तसंच. एकीकडे सायकियाट्रिस्ट, दुसरीकडे समुपदेशक आणि सकाळची प्रार्थना. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था घालून टाकल्या, म्हणजे कागदावर हा माणूस एक झाला. त्याच कायद्यात उपचार मिळणं हा हक्क आहे, जिल्ह्यात सरकारी सोय नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, असंही आहे. हे कलम मी नातेवाइकांना वाचून दाखवायचं सोडून दिलंय. ते विचारतात, ‘‘मग बिल कुठे द्यायचं?’’

महाराष्ट्राला प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, सगळी इंग्रजांच्या काळात सुरू झालेली. एम्सने केलेली देशभरची पाहणी २०१९ साली आली, त्यात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकाला कसली तरी मदत मिळालेली होती आणि भरती होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. तो एक कसा ठरतो, हे मला त्या दुपारी बघायला मिळालं.

दोनच्या सुमाराला कॅज्युअल्टीच्या गेटवर एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. भावाचे फोन तिच्यासाठी होते. शहराबाहेरच्या एका खासगी केंद्राची गाडी, आत तीन दणकट पोरं. ही पोरं बहुधा स्वतः व्यसनातून सुटलेली असतात, त्यांचा राग धरायला माझं मन घेत नाही. ती पेशंटशी ‘चल भाऊ’ म्हणून बोलतात, आमच्या कॅज्युअल्टीत तेवढंही कुणी बोलत नाही. पण उचलून नेणं हे उचलून नेणं असतं.

मी नोंदणीचा कागद मागितला. त्यांनी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दाखवलं. लोकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: तो कागद धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्ट नोंदणीचा होता. ट्रस्ट तर भजनी मंडळाचाही असतो. मनोविकारावर किंवा व्यसनावर पेशंट ठेवून उपचार करायचे तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती विचारली तर, ‘‘प्रोसेसमध्ये आहे, मॅडम.’’ डॉक्टर कोण? ‘‘व्हिजिटिंग आहेत.’’ कधी येतात? त्यावर एक पोरगा दुसऱ्याकडे बघायला लागला.

मी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की याला फिट यायची शक्यता आहे, आज किंवा उद्या, तिथे डॉक्टर नसेल तर जिवावर बेतेल. शिवाय त्याच्या मर्जीविरुद्ध असं नेता येत नाही, भरतीला ठरलेली पद्धत आहे, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं.

तो ओरडला वगैरे नाही. म्हणाला, ‘‘मॅडम, वीस हजार भरलेत मी. व्याजाने. चार महिने तो तिथे राहील, त्याच्या बायकोला झोप मिळेल. तुमच्याकडे बेड आहे का?’’

‘‘आहे. रात्री माणूस लागेल.’’

‘‘माणूस असता तर मी ह्यांना बोलावलं असतं का?’’

मी बायकोकडे पाहिलं. तिचं म्हणणं आधी विचारायला हवं होतं, नवऱ्यासोबत राहते ती, सांभाळते ती. मोठा दीर समोर उभा, ती पदर सारखा करत जमिनीकडे बघत होती. मी तिला सरळ विचारलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ ती म्हणाली, ‘‘दादा करतील ते.’’ त्या वेळी रंगारी स्वतः व्हॅनच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. त्याला कुणीच विचारलं नव्हतं, तो वर बघून कुणाला तरी ‘‘येतो, येतो’’ म्हणत होता.

आणि तिथेच तो कोसळला. पाय पायरीवरून घसरला, मान एकीकडे वळली, सगळं अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं. व्हॅनमधल्याच एका पोराने डोक्याखाली हात घातला आणि त्याला कुशीवर वळवलं, चटकन आणि अगदी बरोबर. त्याला पाहून सवय होती.

मग सगळं सुरळीत झालं, इतकं की हसू यावं. स्ट्रेचर आला. फिट थांबवणारं लोराझेपाम गेलं. नव्या इंटर्नने ग्लुकोजची बाटली लटकवली तर सिस्टरने त्याचा हात धरला, ‘‘आधी थायमिन.’’ दारू पिणाऱ्याच्या शरीरात या थायमिनचा, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचा, खडखडाट असतो, त्यावर नुसतं ग्लुकोज सोडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ती सिस्टर निवृत्तीला आली आहे, तिच्या जागी कोण येणार याची मला काळजी आहे. अर्ध्या तासात मेडिसिन वॉर्डात फ्लोअर बेड मिळाला, म्हणजे दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी. रात्री माणूस कोण थांबणार, असं तिथे कुणीही विचारलं नाही. दोन वर्षं आवाज ऐकून जे झालं नव्हतं ते दोन मिनिटांच्या फिटने झालं.

तिसऱ्या दिवशी दारू तुटल्याने तो भ्रमात गेला, अपेक्षेप्रमाणे. दोन्ही हात बँडेजने शेजारच्या खाटांच्या पायांना सैल बांधलेले, मनगटाखाली कापूस. मी राऊंडला गेले तर जेवढी मोकळीक होती तेवढ्यात उजवा हात वरखाली चालला होता, सावकाश, एकसारखा, पट्टा संपला की थोडा बाजूला सरकून पुन्हा वरून खाली. रोलर मारत होता तो. कोपऱ्यावर हात हलका करत होता.

शुद्धीवर आल्यावर आमच्या वॉर्डात हलवला. बायकोचा भाचा रात्री थांबायला तयार झाला. व्हॅनवाल्यांनी वीसपैकी काहीच परत केलं नाही. आवाज आता पुसट आहेत, तो म्हणतो ठेकेदार लांबून बोलतो. गोळ्या रोज घेणं त्याला जमणार नाही म्हणून महिन्याचं इंजेक्शन चालू केलं. दारू थांबलेली नाही, कमी झाली आहे. ती सोडवण्यासाठी आमचा ग्रुप गुरुवारी सकाळी दहाला बसतो, आणि नाका सकाळी आठला भरतो. दहाला जो मोकळा आहे त्याला त्या दिवशी काम नाही, म्हणजे तो आधीच गुत्त्यावर आहे. संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून एकदा तरी ठेवा म्हणून मी कधीचं पत्र दिलंय, त्यावर ‘मनुष्यबळ उपलब्ध झाल्यावर विचार करता येईल’ असा शेरा आहे. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन कधीही लागते, मी नंबर सगळ्यांना देते. पण इंजेक्शन फोनवरून देता येत नाही.

मला खटकत राहते ती व्हॅन. ती दहा मिनिटं आधी निघाली असती तर फिट हायवेवर आली असती. आणि तो भाऊ वाईट माणूस नव्हता, हेही खटकतं. मध्यंतरी त्याचा फोन आला. त्याच्या चाळीत एक मुलगा आहे, गांजा आणि संशय, दोन्ही. ‘‘मॅडम, ह्याला कुठे न्यायचं?’’ मी त्याला सोमवारी घेऊन ये म्हटलं, आणि येताना रात्री थांबणारा माणूस शोधून ठेव, हे आधीच सांगितलं.

रंगाऱ्याच्या इंजेक्शनची तारीख येत्या गुरुवारी आहे. दिवाळीआधीचा सीझन, त्यामुळे सकाळी तो येईल असं मी धरलेलंच नाही. त्याच्या बायकोला सांगितलंय, काम सुटल्यावर रात्री आठला आला तरी चालेल, कॅज्युअल्टीत चिठ्ठी लिहून ठेवते. सिस्टरशी बोलून झालंय. हे नियमात बसत नाही, ते तिलाही माहीत आहे.