सात ओळींचा लीक-फिक्स

माझ्याकडे रिव्ह्यूला आलेला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, सात ओळींचा होता. व्हर्च्युअल मशीनमधून स्टोरेज कंट्रोलर काढून टाकला की त्याचा एक बफर, म्हणजे डेटासाठी घेतलेली मेमरी, तसाच पडून राहायचा (यालाच लीक म्हणतात). तो फ्री करायचा, एवढंच काम. मी मेमरी मागणारा मॅलॉक शोधला, ती परत करणारा फ्री शोधला, दोघांची जोडी जमतेय असं पाहिलं आणि दहा मिनिटांत ‘ठीक आहे’ लिहून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने ॲड्रेस सॅनिटायझरचा, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचा, रिपोर्ट पाठवला. फ्री केलेल्या मेमरीत कुणीतरी लिहीत होतं. गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारी सिस्टिम, डिस्कवरून धडाधड वाचत असताना कंट्रोलर अनप्लग केला की अख्खी प्रोसेस कोसळायची. पॅच येण्याआधी असं एकदाही झालं नव्हतं.

आमचा प्रकल्प क्यूएमूवर बेतलेला आहे. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा एम्युलेटर, म्हणजे हार्डवेअरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, प्रामुख्याने सी भाषेत आहे, आणि सीमध्ये मेमरीची काळजी आपली आपण घ्यायची असते. गेस्टमधला ड्रायव्हर एखाद्या रजिस्टरमध्ये आकडा लिहितो, त्याला वाटतं आपण हार्डवेअरशी बोलतोय. प्रत्यक्षात होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, आमचं एक फंक्शन चालू होतं. तिथे चूक झाली तर ती गेस्टपुरती राहत नाही, होस्टच्या प्रोसेसमध्ये घडते. हे सगळं मला माहीत होतं. तरी रिव्ह्यू करताना मी एखाद्या कमांड-लाइन टूलचा कोड वाचावा तसाच तो वाचला होता.

कारण शोधायला दीड दिवस लागला. कंट्रोलर डिस्कवरून वाचण्याची विनंती पाठवतो तेव्हा डेटा लगेच येत नाही. दुसरा थ्रेड तो वाचून बफरमध्ये टाकतो आणि काम झालं की तसं कळवणारा कॉलबॅक येतो. मधल्या काळात डिव्हाइसचं ऑब्जेक्ट नाहीसं होऊ नये म्हणून विनंती त्याचा एक रेफरन्स धरून ठेवते. पॅचने बफर फ्री केला होता तो अनरियलाइजमध्ये, म्हणजे डिव्हाइस अनप्लग होतं त्या क्षणी. ऑब्जेक्ट जिवंत होतं, विनंती जिवंत होती, फक्त दोघांच्या मधला बफर गेला होता. आणि दुसरा थ्रेड बिचारा त्याच पत्त्यावर डेटा ओतत होता.

म्हणजे आधीच्या लीकमुळेच आजवर सगळं सुरळीत चाललं होतं! बफर कधीच फ्री होत नव्हता, म्हणून उशिरा आलेला डेटा निमूटपणे त्यात पडायचा आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. लीक बुजवल्यावर मूळ दोष उघडा पडला.

इथे मी घाई केली. ‘फ्री केल्यावर पॉइंटर नल करून टाक आणि कॉलबॅकमध्ये नल असेल तर परत फिर,’ अशी सूचना लिहिली. पॉइंटर म्हणजे साठवलेला पत्ता, नल म्हणजे रिकामा. पॅच लिहिणाऱ्याने तासाभरात उत्तर दिलं: ‘तू म्हणतेस तसं करून बघितलं. पण विनंती पाठवतानाच बफरचा पत्ता तिच्या आयओ-व्हेक्टरमध्ये कॉपी झालेला असतो. आपला पॉइंटर नल केला तरी त्या प्रतीला कसं कळणार?’ बरोबर होतं त्याचं. मी कॉलबॅकपुरता विचार केला होता. लिखाण कॉलबॅकच्या आधीच होत होतं. सूचना मागे घेतली. रिव्ह्यूमध्ये ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द टाइप करायला का कुणास ठाऊक, नेहमी जास्तच वेळ लागतो.

मग कोड बाजूला ठेवून कागद घेतला. एक आडवी रेघ ओढली आणि डिव्हाइसचं आयुष्य मांडलं: ऑब्जेक्ट तयार होतं ते इनिट, कामाला लागतं ते रियलाइज, कामावरून काढतात ते अनरियलाइज, आणि शेवटचा रेफरन्स सुटला की फायनलाइज. रेघेच्या खाली प्रत्येक बफर, टायमर आणि बॉटम-हाफ कुठे जन्मतो, कुठे संपतो आणि मधे त्याला कोण कोण हात लावू शकतं ते लिहिलं. बॉटम-हाफ म्हणजे ‘हे काम आत्ता नको, मुख्य लूपमध्ये जरा वेळाने कर’ अशी चिठ्ठी. डिव्हाइस गेलं आणि चिठ्ठी मागे राहिली, तर लूप ती उघडून नसलेल्या पत्त्यावर जाणार. आमच्या कंट्रोलरचा टायमर व्यवस्थित डिलीट होत होता, पण एक बॉटम-हाफ कुणीच डिलीट केला नव्हता. तोही त्या कागदामुळेच दिसला.

त्या रेघेवर आणखी एक जागा सापडली. रियलाइज अर्ध्यावर फसलं, म्हणजे समजा वापरकर्त्याने दिलेली एखादी प्रॉपर्टी चुकीची निघाली, तर त्या डिव्हाइसचं अनरियलाइज बोलावलंच जात नाही. फायनलाइज मात्र होतं. त्यामुळे अनरियलाइजमध्ये फ्री केलेला बफर या वाटेवर पुन्हा लीक होणारच होता. शिवाय एखाद्या डिव्हाइसचे पर्याय कोणते, एवढंच विचारलं तरी त्याचं ऑब्जेक्ट तयार होऊन लगेच मोडलं जातं, रियलाइज न होताच. इनिटमध्ये काही ॲलोकेट केलं असेल तर ते मोकळं करायची जागा फायनलाइज हीच.

पुढच्या आवृत्तीत त्याने बफर फायनलाइजमध्ये फ्री केला. विनंतीने रेफरन्स धरलेला असेपर्यंत फायनलाइज होतच नाही, त्यामुळे क्रम आपोआप जुळला. अनरियलाइजमध्ये आधी अडकलेल्या विनंत्या पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि बॉटम-हाफ डिलीट करायचा, हे आलं. रिपोर्ट थांबले.

पण आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. त्याच मालिकेतला दुसरा पॅच मी आधी वरवर पाहून सोडला होता. तो पुन्हा काढला.

त्यात गेस्ट डिस्क्रिप्टरची, म्हणजे डेटा कुठे आणि किती आहे ते सांगणाऱ्या नोंदींची, यादी देतो, त्यात किती नोंदी आहेत ते एका रजिस्टरमध्ये लिहितो, आणि आम्ही तेवढी मेमरी ॲलोकेट करून यादी कॉपी करतो. एक नोंद १६ बाइटची. संख्या आणि गुणाकार दोन्ही ३२ बिटांचे. गेस्टने २६,८४,३५,४५७ ही संख्या दिली तर? गुणाकार येतो ४,२९,४९,६७,३१२. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ इतक्या वेगवेगळ्या किमती मावतात, त्यापलीकडे आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. उरतात १६. म्हणजे मेमरी एका नोंदीपुरती मिळणार आणि लूप सव्वीस कोटींहून जास्त नोंदी भरायला बसणार.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ग्लिब या सी लायब्ररीचं जी-न्यू. ते गुणाकार ओव्हरफ्लो होतोय का ते तपासतं. पण ओव्हरफ्लो झाला, किंवा मेमरी मिळाली नाही, तर ते प्रोसेसच थांबवतं. आपल्या प्रोग्रॅममध्ये हे चालून जातं. इथे मात्र एका रजिस्टरमध्ये मोठा आकडा लिहून गेस्ट अख्खं व्हर्च्युअल मशीन पाडू शकतो, आणि तो आकडा लिहिणारा प्रत्येक वेळी त्या मशीनचा मालकच असेल असं नाही. म्हणून मी मर्यादा मागितली: डिव्हाइसच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे यादी जास्तीत जास्त किती लांब असू शकते ते ठरवा, त्याहून मोठी संख्या आली तर एरर बिट लावा आणि परत फिरा. खरं हार्डवेअरही तेच करतं.

मर्यादा आली, पण तपासणी चुकीच्या ओळीवर. आधी आलेली संख्या डिव्हाइसच्या स्टेटमध्ये साठवली जायची, मग तपासली जायची. मर्यादेबाहेर असेल तर फंक्शन परतायचं, पण ती संख्या स्टेटमध्ये तशीच राहायची आणि पुढच्या कमांडला दुसरं फंक्शन तिच्यावर विसंबायचं. वाचताना हे ओळखीचं वाटलं. क्यूएमूच्या यूएसबी कोडमध्ये २०२० साली सापडलेला सीव्हीई-२०२०-१४३६४ (सीव्हीई म्हणजे जाहीर नोंद झालेला सुरक्षा-दोष) अगदी याच वळणाचा होता: बफर ४०९६ बाइटचा, लांबी तपासलेली, पण तपासण्याआधीच स्टेटमध्ये लिहिलेली. दुरुस्तीत लांबी आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घेतली गेली आणि तपासणीनंतर स्टेटमध्ये ठेवली गेली. मीही तेच सुचवलं, आणि या वेळी आधी स्वतः चालवून पाहिलं.

दोनदा वाचण्याचा मुद्दा मात्र त्याला पटवायला वेळ लागला. कोड गेस्टच्या मेमरीतून डिस्क्रिप्टरची लांबी वाचून तपासत होता आणि पुढच्याच ओळीत कॉपी करताना तिथूनच पुन्हा वाचत होता. ‘मधे एकच ओळ आहे,’ तो म्हणाला. पण ती मेमरी गेस्टची. आपला कोड चालू असताना गेस्टचा दुसरा व्हीसीपीयू, म्हणजे आभासी प्रोसेसर, थांबलेला नसतो. तपासताना ५१२ आणि कॉपी करताना ६५,५३५, हे घडवायला हल्लेखोराला लाख वेळा प्रयत्न करावा लागला तरी त्याचं काय जातं? त्याला एकदाच जमायचं असतं. शेवटी डिस्क्रिप्टर एकदाच लोकल प्रतीत घेऊन पुढे सगळीकडे ती प्रत वापरायची, असं ठरलं.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते रिसेटने. गेस्टने रिसेट रजिस्टरमध्ये लिहिलं की विनंत्यांची यादी फ्री होते. त्यात गैर काही नाही. मात्र विनंती पूर्ण झाली की आमचा लूप गेस्टने दिलेल्या पत्त्यावर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट, निकाल लिहितो. गेस्टने तो पत्ता म्हणून त्याच कंट्रोलरच्या रिसेट रजिस्टरचा पत्ता दिला तर? डिव्हाइस स्वतःच स्वतःला रिसेट करतं, यादी फ्री होते, आणि डीएमए संपवून लूप परत येतो तो त्याच यादीतल्या पुढच्या नोंदीकडे. मी हे शोधलं असं नाही. २०२१ च्या सीव्हीईंमध्ये एनव्हीएमई (डिस्क) आणि ईएचसीआय (यूएसबी) या दोन्ही कंट्रोलरच्या एम्युलेशनमध्ये असेच दोष नोंदले गेलेत. क्यूएमूमध्ये २०२३ साली यासाठी एक गार्ड आला. डिव्हाइस आधीच स्वतःच्या कामात गुंतलेलं असताना कुणी त्याच्या रजिस्टरला हात लावला तर तो अडवतो. आमची शाखा त्याहून जुनी. गार्ड मागे आणायचा की यादी लूपआधी वेगळी काढून घ्यायची, यावर तीन दिवस गेले. आम्ही गार्ड आणला. प्रत्येक डिव्हाइसमध्ये वेगळी युक्ती लढवण्यापेक्षा ते बरं, असं माझं मत. त्याला अजूनही ते जड वाटतं.

तिथे कामाला आला क्यूटेस्ट. गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिम न चालवता डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये हवे ते आकडे हव्या त्या क्रमाने लिहिता येतात. जेमतेम वीस ओळींत प्रोसेस पडत होती. गार्ड आल्यावर त्याच वीस ओळी शांतपणे पार झाल्या. ती फाइल आता चाचण्यांमध्ये कायमची आहे. शेजारी अनप्लगची एक आहे, सव्वीस कोटींची एक आहे.

पाचव्या आवृत्तीवर मी मंजुरी म्हणून नाव लिहिलं. सात ओळींचे तोवर चार पॅच झाले होते. मायग्रेशनचा, म्हणजे मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्याचा, भाग राहिलाय. दुसऱ्या होस्टवरून आलेल्या स्टेटमधला यादीचा इंडेक्स लोड करताना कुणीच तपासत नाही, हे शेवटच्या दिवशी ध्यानात आलं. त्याचा पॅच त्याने काल पाठवला. अकरा ओळींचा आहे, आणि रिव्ह्यूअर म्हणून त्याने माझंच नाव टाकलंय.