शून्यातून वजा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे मोह गळायला लागतो. आई पहाटेच टोपली घेऊन गेली होती. वाघाच्या भीतीनं आता चौघी-पाचजणी मिळूनच जातात. बाबा अंगणात दात घासत होते आणि मी पायरीवर बसून मेल पाहत होते. एक पीडीएफ आली होती. वर अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याचं नाव, फॉर्म १०४२-एस, वर्ष २०२३. खाली माझं नाव, गाव, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर. पोटात गोळाच आला.

"कोनाची नोटीस आली वं? सोसायटीची त नाई ना?" बाबांनी विचारलं. आमच्या घरात इंग्रजी कागद म्हणजे नोटीस, आणि नोटीस म्हणजे पीककर्ज.

"अमेरिकेची हाये."

"तिकडचं कर्ज कवा काढलं?"

कर्ज नव्हतं. मी टॅबवर चित्रं काढते आणि एका परदेशी साइटवर टाकते. कुणी ते चित्र छापलेला टी-शर्ट किंवा उशीचा अभ्रा घेतला की छापायचं, पाठवायचं काम साइटचं. मला रॉयल्टी मिळते. ताडोब्याच्या वाघाची अकरा चित्रं टाकली आहेत. खपते ती आमच्या आवारातली एका पायावर उभी कोंबडी. का खपते, ते तिकडच्या लोकांनाच ठाऊक.

कागदात बारीक बारीक चौकटी. चौकट २ मध्ये एकूण उत्पन्न ६४० डॉलर. ३-बी मध्ये कराचा दर, ३०.००. ७-ए मध्ये कापलेला कर, १९२. दरमहा स्टेटमेंटमध्ये कराची एक ओळ दिसायची, पण मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याला कारण माझा मामेभाऊ. त्याचे बांबूचे दिवे दुसऱ्या एका साइटवरून इंग्लंडला जातात. तिथे १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर २० टक्के व्हॅट साइटच गिऱ्हाईकाकडून घेते आणि परस्पर भरते. त्याच्या स्टेटमेंटमध्ये तो आकडा येतो आणि जातो, खिशाला झळ नाही. माझंही तसंच असेल, असं मी धरून चालले होते. पण हे १९२ माझ्याच ६४० मधून गेले होते. डॉलर तेव्हा ८३ रुपयांच्या आसपास, म्हणजे जवळपास सोळा हजार रुपये. आमच्या घरात सोळा हजार म्हणजे रोवणीची मजुरी.

दहाच्या बसनं सिंदेवाहीला गेले. तिथे एक सर बसतात. शिक्षकांचे आणि राईस मिलवाल्यांचे रिटर्न भरतात, माझंही तेच भरतात. त्यांनी प्रिंट चष्म्याजवळ नेली, दूर धरली, पुन्हा जवळ आणली.

"उत्पन्नाचा कोड १२. म्हणजे रॉयल्टी. कशाची गं बेटा?"

"कोंबडीची."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

पहिला घोळ आकड्यांचा. ६४० मधून १९२ गेले, तर हाती ४४८ यायला हवेत. माझ्या वहीत २०२३ सालचे ७१३ जमा होते. कागदावर कमी आणि हातात जास्त, याचीच मला जास्त धास्ती वाटली. आपण काहीतरी लपवलं असं तर दिसणार नाही ना? सर म्हणाले, महिन्यांवर नाही, देशांवर लाव. मोबाईलवर साइटचा अहवाल उघडला, देशाचा रकाना लावला आणि एकेक ओळ परीक्षेच्या पॅडवर उतरवत गेलो. वीज गेली तर दाराशी खुर्च्या ओढून बसलो. तासाभरानं बेरीज आली: अमेरिकेतली विक्री ६४०, बाकी जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मिळून २६५. अमेरिकेचा कागद अमेरिकेपुरताच बोलतो. ४४८ आणि २६५, झाले ७१३. मी पेन खाली ठेवलं तेव्हा बोटांना घाम होता.

दुसरा घोळ वर्षाचा. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. ६४० पैकी १५० जानेवारी ते मार्चचे, म्हणजे आपल्याकडच्या आदल्या वर्षातले. शिवाय रिटर्नमध्ये दाखवायचे ते पूर्ण, कापून आलेले नाहीत, आणि डॉलरचे रुपये कोणत्या दरानं करायचे तेही नियमात ठरलेलं. सरांनी हे नियमाचं पुस्तक काढून पाहिलं. मला तेच बरं वाटलं. "होऊन जाईल" म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते.

"मग ते १९२ इकडच्या करातून वजा होतील ना?" मी विचारलं.

"त्यासाठी फॉर्म ६७ आहे. पण आधी तू सांग, तुझा इकडे कर किती निघतो?"

वर्षाचं सगळं धरून माझं उत्पन्न सात लाखांच्या पुष्कळ खाली. नव्या पद्धतीत त्या वर्षी तेवढ्यापर्यंत रिबेट, म्हणजे करात सूट, मिळून कर शून्य.

"मग वजा कशातून करणार? शून्यातून?"

ते क्रेडिट असतं, परतावा नसतो. तिकडे गेलेले पैसे इकडचं सरकार हातावर ठेवत नाही. आणि माझा इथे कर निघाला असता तरी सगळे १९२ धरता आले नसते, कारण भारत-अमेरिका कर-करारात अशा रॉयल्टीवरचा दर जास्तीत जास्त १५ टक्के आहे. त्यावरचं कापलेलं इथे मोजतच नाहीत. ते तिकडेच रिटर्न भरून मागायचं. त्यासाठी तिकडचा करनंबर, आणि त्यासाठी एकटा पुरणारा कागद म्हणजे पासपोर्ट. माझ्याकडे पासपोर्ट नाही. ९६ डॉलरसाठी काढणारही नाही.

"पण तुझे ३० टक्के का कापले?" सर म्हणाले. "करार तर आहे."

का, ते मला माहीत होतं. खातं उघडताना साइटनं डब्ल्यू-८ बेन नावाचा, आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा फॉर्म भरून घेतला होता. त्यात ६-ए ओळीत आपल्या देशाचा करनंबर, म्हणजे पॅन, मागतात. त्याच सुमारास गल्लीतल्या एका काकूंचे बँकेच्या नावानं आलेल्या फोनवरून पैसे गेले होते. पॅन, ओटीपी कुणाला देऊ नका, असं सगळे एकमेकांना सांगत होते. मी ती ओळ कोरी सोडली, खालचा कराराचा भागही कोरा सोडला आणि आपण किती सावध म्हणून खूशही झाले. करनंबर नाही म्हणून करार लागू नाही, म्हणून पूर्ण ३० टक्के. त्या सावधपणाचे ९६ डॉलर झाले.

सरांनी फी घेतली नाही. म्हणाले, हा कागद मीही पहिल्यांदाच पाहिला. एक झेरॉक्स मात्र ठेवून घेतली.

संध्याकाळी नेटवर्क आल्यावर गच्चीवर जाऊन फॉर्म नव्यानं भरला. ६-ए मध्ये पॅन, कराराचा देश भारत, कलम १२, दर १५. पॅन तीनदा तपासला. बटण दाबताना हात थांबला, काकू आठवल्या. मग पत्त्याच्या पट्टीतलं साइटचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि दाबलं.

खाली आईनं अंगणात मोह वाळत टाकला होता, सगळीकडे तो गोडसर वास. बाबा जेवायला बसले होते.

"मिटली का नोटीस? पैसे भराले लागन का?"

"भरून झाले, बाबा. मागच्याच वर्षी."

त्यांना ते पटलं नाही, पण ते जेवत राहिले. हा फॉर्म सही केल्यापासून पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. सोसायटीचा हप्ता भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो, त्याच्याच मागच्या पानावर मी लिहून ठेवलं: ३१ डिसेंबर २०२७, कोंबडी.