तेहतीस बिटांचे घड्याळ आणि दीड दिवसाचा गणपती

व्हिडिओच्या क्षेत्रात काम करतो असे सांगितले की समोरचा माणूस हमखास चित्राच्या दर्जाबद्दल विचारतो. एका ॲपवर चित्र स्वच्छ आणि दुसऱ्यावर खडबडीत का दिसते, चित्र आकसण्याची एव्ही-वन ही नवी पद्धत खरोखरच जुन्या एच-२६४ पेक्षा सरस आहे का, असे ते प्रश्न असतात आणि ते रास्तही असतात. गेली सहा वर्षे मी नोकरी सांभाळून, म्हणजे बहुतेक रात्रीच्या जेवणानंतर आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकी मिळालीच तर कोपरखैरण्यापर्यंत, एक लहानसे मुक्तस्रोत साधन लिहितो आहे. या सहा वर्षांत चित्रामुळे माझी झोप एकदाही उडालेली नाही. जी उडाली ती वेळेमुळे, आणि तीही दोनदा.

साधनाचे काम थोडक्यात असे. कॅमेऱ्याचे चित्र आणि साउंड मिक्सरचा आवाज घ्यायचा, चित्र एक्स-२६४ या एच-२६४ च्या एन्कोडरकडे, म्हणजे आकसणाऱ्या प्रोग्रामकडे, व आवाज एएसी एन्कोडरकडे सोपवायचा, आणि दोन्ही आकसून परत आले की त्यांचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे बांधून सर्व्हरवर ठेवायचे. सोबत त्या तुकड्यांची यादी असते; प्रेक्षकाचा प्लेअर ती यादी पुन्हा पुन्हा मागून घेतो आणि नवा तुकडा दिसला की उतरवून घेतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत एवढीच आहे, आणि तिच्या साधेपणातच तिचे यश आहे. हे सगळे एफएफएमपेग या प्रसिद्ध मुक्तस्रोत व्हिडिओ-साधनाच्या एका लांबलचक आज्ञेत होते, हे मला मान्य आहे. पण नौपाड्यातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळात प्रयोगाच्या वेळी कुणाचा तरी पाय कॅमेऱ्याच्या वायरीत अडकतोच, आणि तेव्हा प्रक्षेपण न तुटता पडद्यावर मंडळाचे नाव येऊन आवाज चालू राहावा, एवढ्या गरजेतून हे साधन सुरू झाले. उरलेला अर्धा भाग हट्टाचा होता.

चित्राचा प्रश्न सोपा आहे असे मी म्हणतो, त्याचे कारण तो इतरांनी सोडवून ठेवलेला आहे. १९२० बाय १०८० चे, सेकंदाला २५ फ्रेमचे साधे चित्र न आकसता पाठवायचे म्हटले तर सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट लागतात. एक्स-२६४ ते मला अर्ध्या मेगाबाइटमध्ये बसवून देतो, म्हणजे दीडशेव्या हिश्श्याहून कमी जागेत, आणि नटाच्या चेहऱ्यावरची सुरकुती तशीच राहते. रंगमंचावरच्या काळोखात पडद्याच्या घड्या चौकोनी डबक्यांसारख्या दिसू लागत, तेव्हा अंधाऱ्या भागांना जास्त बिट देणारी एक्यू-मोड ३ ही मांडणी लावली आणि तो विषय एका संध्याकाळी संपला. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या छत्राखाली वीस वर्षांहून अधिक काळ ज्यांनी हा एन्कोडर घासूनपुसून तयार केला, त्यांच्या कष्टांवर मी आयता बसलो आहे.

वेळेचे तसे नाही. तिचा हिशोब प्रत्येकाला आपला आपण ठेवावा लागतो.

पहिली चूक एका दोन अंकी नाटकाच्या चित्रीकरणात उघडी पडली. मंडळातल्या ज्येष्ठ कलाकार, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, त्यांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, दुसऱ्या अंकात माझे ओठ आधी हलतात आणि वाक्य मागून येते. पहिल्या अंकात मी बरी बोलते, मग पुढे असे काय झाले?" मी तोच भाग लावून पाहिला. मावशींचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

आता या घोटाळ्याचे मूळ. एचएलएसच्या जुन्या आणि अजूनही सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात प्रत्येक तुकडा एमपेग-टीएस या वेष्टनात असतो. कोणती फ्रेम कधी दाखवायची किंवा वाजवायची याची खूण त्यातल्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते, आणि ते घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके देते. ही संख्या वरवर विचित्र वाटते, पण निवड विचारपूर्वक केलेली आहे. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ३,७५० ठोके येतात, २५ असतील तर ३,६०० आणि ३० असतील तर ३,०००. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या २९.९७ या अवघड गतीलासुद्धा नेमके ३,००३ येतात. चित्राचा भागाकार असा निःशेष जातो, आणि त्यामुळेच माणूस बेसावध होतो. आवाजाचे गणित वेगळे आहे. नमुना म्हणजे आवाजाचे एका क्षणाचे मोजमाप, आणि एएसीची एक फ्रेम अशा १,०२४ नमुन्यांची असते. आमचा जुना मिक्सर सेकंदाला ४४,१०० नमुने देतो, म्हणजे एका फ्रेमचे ठोके होतात २,०८९.७९५९ आणि पुढे न संपणारे अंक.

मी तिथे २,०९० लिहिले होते. जवळचा पूर्णांक घेतला, एका ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याने काय बिघडते, असा सरळ विचार. पण तो आकडा मी प्रत्येक फ्रेमला आधीच्या वेळेत मिळवत होतो, आणि अशा फ्रेम सेकंदाला त्रेचाळीस येतात. दूधवाल्याने रोजच्या बिलात वरचे पैसे पूर्ण रुपयात ओढून घ्यावेत आणि महिन्याअखेरीस आपण बेरीज का फुगली म्हणून डोके धरून बसावे, त्यातला हा प्रकार होता. हिशोब केला तर चूक नेमकी १०,२४० सेकंदांना एक सेकंद इतकी निघते. म्हणजे तासाला साधारण ०.३५ सेकंद, आणि अडीच तासांच्या नाटकाच्या शेवटी पाऊण सेकंदाहून जास्त.

आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला तो खटकू लागतो, असा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीतला सर्वसाधारण अंदाज आहे. माझ्या चुकीला १२५ मिलिसेकंद गाठायला २१ मिनिटे २० सेकंद लागत होती. माझी चाचणीची फीत दहा मिनिटांची होती, तीत अंतर साठ मिलिसेकंदांच्याही आत राहत होते, आणि म्हणून दोन महिने सगळ्या चाचण्या हिरव्या दिसत होत्या. मावशींचा पहिला अंक 'बरा' का होता, हेही यातून कळले. खरे तर त्याचाही उत्तरार्ध बिघडलेलाच होता, पण तिथे त्यांना वाक्ये नव्हती.

दुरुस्ती चार ओळींची होती. वेळ साठवायचीच नाही, नमुने मोजायचे; आणि जेव्हा टीएसमध्ये खूण लिहायची तेव्हाच एकूण नमुन्यांना ९०,००० ने गुणून ४४,१०० ने भागायचे. मग पूर्णांक करताना होणारी चूक कधीही अर्ध्या ठोक्यापलीकडे जात नाही, नाटक कितीही रंगले तरी. हे लिहून झाल्यावर एफएफएमपेगचा कोड उघडला, तर तिथे वेळेचे एकक मुळातच अंश आणि छेद अशा जोडीत ठेवलेले दिसले. एका एककातून दुसऱ्यात जाण्यासाठी एव्ही-रिस्केल-क्यू, आणि आवाजासारख्या प्रवाहात रूपांतराची चूक साचू नये म्हणून एव्ही-रिस्केल-डेल्टा असे वेगळे फंक्शनसुद्धा होते. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या त्या प्रकल्पात माझ्या आधी कितीतरी जण याच खड्ड्यात पडून गेले असणार. तो कोड मी आधी वाचला असता तर मावशींची बोलणी वाचली असती.

दुसरी चूक याच घराण्यातली, पण तिने जास्त लोकांसमोर फजिती केली. आमच्या सोसायटीचा गणपती दीड दिवसाचा असतो. परगावच्या आणि परदेशातल्या मंडळींना दर्शन घडावे म्हणून त्या वर्षी सकाळी नऊ वाजता, प्राणप्रतिष्ठेच्या वेळी, मी प्रक्षेपण सुरू केले आणि विसर्जनापर्यंत अखंड चालू ठेवायचे ठरवले. रात्र निर्विघ्न गेली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला आरतीची तयारी चालू असताना सेक्रेटरी काकांच्या फोनवर पुण्याहून, बंगळुरूहून आणि आणखी कुठून कुठून एकच तक्रार येऊ लागली, की चित्र थिजले आहे आणि चक्र फिरते आहे. काकांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी मखराची वीजच काढली आहे.

टीएसमधल्या वेळेच्या खुणेला ३३ बिट असतात. त्यात ८,५८,९९,३४,५९२ ठोके मावतात, आणि त्यांना ९०,००० ने भागले की २६ तास ३० मिनिटे आणि ४३ सेकंदांवर थोडे होतात. तिथे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. हे तसे जगजाहीर आहे, आणि एफएफएमपेगमध्ये त्यासाठी पीटीएस-रॅप-बिट्स नावाचे स्वतंत्र चलही आहे. नाटक अडीच तासांचे असल्यामुळे मला त्याची कधी गरज पडली नव्हती. माझा कोड दर फ्रेमला एवढेच विचारत होता, की आताच्या वेळेतून तुकडा सुरू झाल्याची वेळ वजा केली तर सहा सेकंद भरतात का. घड्याळ शून्यावर गेल्यावर उत्तर प्रचंड ऋण आले, सहा सेकंद काही भरेनात, आणि साधन तोच तुकडा निष्ठेने फुगवत बसले. यादीत नवे नाव येईना, म्हणून प्लेअर बिचारे वाट पाहत राहिले. साधन बंद करून पुन्हा सुरू केले आणि आरती सगळ्यांना दिसली, पण विसर्जन होईपर्यंत मी लॅपटॉपजवळून हललो नाही.

त्या रात्री घाईघाईत दुरुस्ती लिहिली: नवी वेळ आधीच्या वेळेपेक्षा खूप लहान दिसली तर २ चा ३३ वा घात मिळवायचा. माझा कोड वाचणारे जगात पाच-सहा जण असतील, त्यांपैकी एका परदेशी सहकाऱ्यांनी तीन ओळींत तो पॅच परतवला. एच-२६४ मध्ये बी-फ्रेम असतात, त्यांना पुढच्या फ्रेमचाही आधार लागतो, म्हणून पुढची फ्रेम आधी पाठवावी लागते आणि दाखवण्याच्या वेळा प्रवाहात मागेपुढे होतात. शून्याच्या उंबरठ्यावर एक फ्रेम पलीकडे जाते, तिच्यामागून येणारी अजून अलीकडचीच असते, आणि नंतरची पुन्हा पलीकडे. माझ्या दुरुस्तीने अशा प्रत्येक उडीला २६ तास मिळवले असते. त्यांनी चाचणीही सुचवली, आणि ती सुचवण्यातली चतुराई मला आजही आवडते: सव्वीस तास थांबू नका, घड्याळ शून्याऐवजी शेवटच्या दहा सेकंदांच्या अलीकडून सुरू करा. माझी दुरुस्ती त्या चाचणीत पंधरा सेकंदांत नापास झाली.

अखेर जे केले ते पहिल्या दुरुस्तीसारखेच निघाले. साधनाच्या आत वेळ ६४ बिटांत ठेवली, जी ३२ लाख वर्षांहून अधिक काळ पुरते, आणि ती ३३ बिटांत कापायचे काम तुकडा लिहिण्याच्या शेवटच्या क्षणावर ढकलले. सगळ्या तुलना आणि वजाबाक्या आतल्या वेळेवरच होतात. पुढच्या वर्षी साडेअकराला मी मांडवाच्या कोपऱ्यात बसून नोंदी पाहत होतो. खूण शून्यावर आली, तुकडा सहा सेकंदांना कापला गेला आणि काकांचा फोन शांत राहिला.

गेल्या महिन्यात मंडळासाठी कुणाच्या तरी भाच्याने अमेरिकेहून नवा कॅमेरा आणला आहे. तो सेकंदाला ५९.९४ फ्रेम देतो, म्हणजे ९०,००० च्या घड्याळात एका फ्रेमला १,५०१.५ ठोके. आवाजासाठी केलेली दुरुस्ती मी तेव्हा चित्राला लावली नव्हती, कारण पंचवीसच्या गतीला तिची गरज नव्हती. या रविवारी फ्रेम मोजणारा तो भाग लिहायला घेतला आहे, आणि या वेळी चाचणीची फीत तीन तासांची ठेवली आहे.