काळी एक की पांढरी दोन?

जुन्या ध्वनिमुद्रिका संगणकावर उतरवून जतन करणे हे माझे रोजचे काम. काही वर्षांपूर्वी एक वयस्कर बाई आपल्या आजोबांच्या नाट्यपदाची दहा इंची तबकडी घेऊन आल्या. अशा तबकड्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटने लाख विरघळते, म्हणून ती शुद्ध पाण्याने हलक्या हाताने धुतली, रुंद टोकाची सुई लावली आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने वाजवली. बाई पूर्ण पद ऐकून म्हणाल्या, "गाणं आजोबांचंच आहे, पण आवाज त्यांचा वाटत नाही. ते काळी एकमध्ये गायचे."

काळी एक म्हणजे पेटीची (हार्मोनियमची) पहिली काळी पट्टी सा धरून. संगणक मात्र तिच्या लगेच वरची पांढरी दोन दाखवत होता. तबकडी १९२५च्या आधीची, म्हणजे मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेली होती आणि त्या काळी मुद्रणयंत्राचा वेग सगळीकडे सारखा नसे. वेग ७३.६वर आणला की सूर बरोबर अर्धा स्वर उतरून काळी एक लागते, हे गणित सोपे होते. पण बाईंनी आजोबांना ऐकले ते त्यांच्या उतारवयात, आणि वयाबरोबर गाण्याची पट्टी खाली येऊ शकते; तेवढ्या आठवणीवर वेग बदलणे मला पटेना. साथीची पेटी तरी कौल देईल असे वाटले होते, परंतु ती दोन्ही वेगांना पट्टीत चपखल बसत होती.

शेवटी एका ज्येष्ठ पेटीवादकांना बोलावले. त्यांनी गाण्याकडे जवळजवळ लक्षच दिले नाही. दोन ओळींमधली पेटीची एक जागा पाच-सहा वेळा ऐकली आणि टेबलावर बोटे फिरवत राहिले. मग आमची पेटी पुढे ओढून म्हणाले, "मध्यमावरून गंधारावर तो एकाच बोटाने घसरलाय, ऐका. काळी एकमध्ये मध्यम काळी तीनवर येतो आणि गंधार पांढरी चारवर, म्हणजे बोट उंच पट्टीवरून खाली निसटतं. पांढरी दोनमध्ये मध्यम पांढरीवर आणि गंधार काळीवर. तिथं बोट वर चढवावं लागतं, मग अशी घसरण निघेल कशी?" त्यांनी दोन्ही वाजवून दाखवले. पहिल्या वेळी तबकडीतली जागा हुबेहूब निघाली, दुसऱ्या वेळी दोन स्वर तुटून वेगळे पडले.

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनाम साथीदाराचे एक बोट मला त्या क्षणी अक्षरशः दिसले. इतकी वर्षे मी याच खरखरीतून आलेख वाचत आलो होतो, आणि हे माझ्या कानाला कधी सुचले नव्हते.

वेग उतरवल्यावर ताना थोड्या सावकाश झाल्या आणि दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास ऐकू येऊ लागला. ध्वनी स्वच्छ करणाऱ्या प्रणालीने तो श्वास खरखर समजून पुसायला घेतला होता. तेवढा भाग मी हाताने वगळला. त्या काळची पेटी आजच्या सुराला तंतोतंत मिळालेली असेल असे नाही, म्हणून ७३.६ हा आकडा नोंदीत 'अंदाजे' म्हणून लिहिला आणि त्यापुढे कारण लिहिले : मध्यम-गंधार, एक बोट.